जो येथे नाही त्याची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण ज्या गोष्टीने खुर्च्या जुन्या होतात ती माझ्या वाट्याला फारशी आली नाही. बाकीच्या खुर्च्या माणसांना बसवून बसवून जुन्या होतात. मी नुसती उभी राहून जुनी झाले. खुर्चीसाठी माणसे भांडतात, रुसतात, एकमेकांचे पाय ओढतात, असे तुम्ही मोठ्यांच्या तोंडून ऐकले असेल. माझ्यासाठी कोणी कधी भांडले नाही. उलट माझ्यावर कोणी बसू नये म्हणून अकरा वर्षे फार काळजी घेतली गेली. ही गोष्ट त्या काळजीची आहे, आणि एका आईची आहे. तिचे गुडघे दुखत होते आणि तरी मी तिला बसवू शकले नाही.

माझा जन्म ठरवून झालेला नाही. बिशपांच्या निवासात एक मोठे सभागृह आहे. बिशप म्हणजे पुष्कळ चर्चची आणि तिथल्या फादरांची काळजी वाहणारे वडीलधारे धर्मगुरू. वर्षातून एकदा चौदा ठिकाणांहून चौदा बिशप तिथे जमतात आणि तीन दिवस बोलतात. कुठल्या गावाला फादर नाही, कुठली शाळा बंद पडायला आली आहे, तरुण मुले रविवारी का दिसत नाहीत, आजाऱ्यांकडे कोण जाते, आधी काय करायचे आणि नंतर काय, अशा गोष्टी. त्यांच्यासाठी चौदा आणि सचिवांसाठी एक, अशा पंधरा खुर्च्यांचे काम एका सुताराला मिळाले होते. कानावर पेन्सिल अडकवून दिवसभर गप्प राहणारा तो माणूस होता. पंधरा खुर्च्या झाल्यावर थोडे लाकूड उरले. वाया कशाला घालवायचे म्हणून त्याने त्यातून मला उभे केले. माझ्या डाव्या हाताच्या लाकडात एक गाठ होती. ती त्याने पुष्कळ घासली, कपाळाला आठ्या घातल्या आणि शेवटी तशीच राहू दिली. बाकीच्या पंधराजणी गुळगुळीत. त्या माझ्याकडे कशा बघत असतील याची कल्पना तुम्ही करू शकता.

बैठका विणायचे काम सुताराच्या बायकोचे. ती वेत टबात भिजत घालायची आणि ओला असतानाच ओढून विणायची. खुर्च्या ताब्यात घ्यायला निवासातली स्वयंपाकाची सिस्टर आली, तेव्हा सुताराची बायको तिला म्हणाली, "सिस्टर, एक लक्षात ठेवा. खुर्ची वापरण्यानं टिकते. नुसती ठेवली की वेत सुकतो. मग कधीतरी कोणी बसायला जातं आणि कडकन तुटतो."

सिस्टर हसून म्हणाली, "माझ्याकडे येऊ द्या तिला. माझ्याकडे बसायला कमी माणसं नाहीत."

पंधरा खुर्च्या सभागृहात गेल्या आणि मी सिस्टरच्या स्वयंपाकघरात. तेच माझे सुखाचे दिवस, हे मला तेव्हा कळायला हवे होते. माझ्यावर बसून सिस्टर वाटाणे सोलायची. माळी चपला काढून पाय चोळत बसायचा. टपाल घेऊन येणारा पाणी पिण्यापुरता टेकायचा आणि अर्धा तास बोलत राहायचा. कोणी मांडी घालून बसायचे, कोणी मागे रेलून माझे मागचे दोन पाय छळायचे. मी करकरायचे, पण ते तक्रारीचे करकरणे नव्हते.

दुपारी जेवण झाले की थोरले बिशप यायचे. चौदा बिशपांचे ते अध्यक्ष, वयाने आणि मानाने सगळ्यांत मोठे, म्हणून सगळेच त्यांना थोरले म्हणत. ते माझ्यावर बसून औषधाच्या गोळ्या घेत आणि सिस्टरच्या पातेल्यातले वाटाणे सोलू लागत. सोलता सोलता निम्मे खाऊन टाकत. सिस्टर पातेले हळूच दूर सरकवायची, ते माझ्यासकट पुढे सरकायचे.

एका वर्षी बिशपांच्या बैठकीचा तिसरा दिवस होता. दुपारी थोरले आले, पण बसले नाहीत. त्यांनी मला पाठीला धरून उचलले आणि धापा टाकत सभागृहात नेले. सिस्टर मागून हात पुसत धावली. मोठ्या टेबलाच्या टोकाला, दाराजवळ, त्यांनी मला ठेवले आणि सगळ्यांना म्हणाले, "तीन दिवस आपण लोकांबद्दल बोलतोय. लोकांपैकी एकानं तरी इथे बसावं की नको? सिस्टर, बसा."

सिस्टर अंग चोरून बसली. थोरल्यांनी तिला एकच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे कसं चाललंय?"

सिस्टरने आधी पदराच्या टोकाशी खेळावे तसा आपला ॲप्रन चुरगळला. मग म्हणाली, "लांबून लांबून फादर येतात इथे कामाला. कागदावर सही मिळाली की परत जातात. जेवलात का, असं विचारणारी मी एकटीच. आणि मीसुद्धा आधी पातेल्यात बघते, मग विचारते."

सगळे हसले आणि मग कोणीच हसेना. त्या वर्षीच्या ठरावांत सगळ्यांत वर असे लिहिले गेले की येणाऱ्याला आधी जेवायला बसवावे, काम नंतर विचारावे. माझ्यावर बसून बोललेल्या चार वाक्यांचा तो ठराव होता. मला किती अभिमान वाटला ते सांगायला नको.

तेव्हापासून दर वर्षी माझ्यावर कोणी ना कोणी बसले. एका वर्षी कबरी खणणारा आला. "मी सगळ्यांना शेवटीच भेटतो, त्यामुळे तक्रार कोणाचीच ऐकायला मिळत नाही," म्हणाला, आणि मग लहान मुलांच्या कबरींबद्दल असे काही बोलला की दोन बिशपांनी चष्मे काढून ठेवले. एका वर्षी नर्स आली, एका वर्षी बसचालक, एका वर्षी अशी बाई की जिने चर्चला यायचे सोडून दिले होते. ती तर सगळ्यांना झापूनच गेली. थोरले प्रत्येकाला तोच प्रश्न विचारत. नऊ माणसे बसली. नवव्या माणसाच्या वर्षानंतर थोरले एका सकाळी उठलेच नाहीत.

पुढच्या बैठकीला नवे अध्यक्ष होते आणि सचिवही नवे आले होते. हे सचिव दुसऱ्या शहरातून आलेले, टापटिपीचे, प्रत्येक कागदाला फाइल आणि प्रत्येक फाइलला रंग असणारे. सिस्टरने त्यांचे नाव फाइलवाले फादर असे पाडले होते. त्या वर्षी माझ्यावर कोणाला बसवावे, हे विचारायचे कोणाला सुचलेच नाही. विचारणारा गेला होता. टेबलाच्या टोकाला मी तशीच रिकामी होते, आणि माझ्याकडे बघून सगळ्यांना थोरलेच आठवत होते. फाइलवाल्या फादरांनी एक पांढरी रिबीन आणली, माझ्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत बांधली आणि सुंदर अक्षरात एक कार्ड लिहून माझ्या पाठीला लावले: 'जो येथे नाही, त्याच्यासाठी.' सगळ्यांनी उभे राहून प्रार्थना म्हटली. सिस्टर दारात उभी राहून रडत होती. मीही रडले असते, पण लाकडाला ते जमत नाही.

ते सगळे खरे होते, मित्रांनो. त्यात खोटे काही नव्हते, म्हणूनच ते पुढच्या वर्षीही करावेसे वाटले. दुसऱ्या वर्षी नवी रिबीन आली. तिसऱ्या वर्षी रिबीन बांधण्याआधी म्हणायची एक छोटी प्रार्थना छापून आली. हळूहळू म्हातारे बिशप निवृत्त झाले, नवे आले. त्यांनी मला रिकामीच पाहिले होते. ज्या तिघाचौघांना आधीचे आठवत होते, त्यांनाही ती रिकामी खुर्चीच जास्त आठवायला लागली होती.

मग माझे कौतुक सुरू झाले. चर्चच्या मासिकात माझा फोटो आला. रविवारच्या प्रवचनांत माझे दाखले देऊ लागले. आणखी दोन-तीन ठिकाणच्या सभांत माझे बघून एकेक खुर्ची रिकामी ठेवायला लागले. पाहुणे यायचे, माझ्या हातावर बोटे टेकवायचे आणि डोळे मिटायचे. त्या पंधराजणींचा तोरा कुठल्या कुठे गेला. पण दर तीन-चार वर्षांनी वेतवाला येऊन त्यांच्या बैठका नव्याने विणून जायचा. माझ्याकडे बघून म्हणायचा, "हिला काय झालंय? ही तर नवीकोरी आहे." आणि माझा वेत आतून सुकत होता. कौतुक आणि दुर्लक्ष दोन्ही एकाच दिवशी, एकाच माणसाकडून मिळू शकतात, हे मी तिथे शिकले.

सिस्टर धूळ पुसायला यायची. म्हातारी होत चालली होती. एकदा फडके फिरवता फिरवता पुटपुटली, "काय गं, तुझी तर मूर्तीच केली यांनी." पण फाइलवाल्या फादरांना ती काही बोलली नाही. तिलाही वाटत होते, थोरल्यांची आठवण आहे, राहू द्यावी.

मी रिकामी राहायला लागून आठवे वर्ष होते. बैठक संपून बिशप गेले होते. फाइलवाले फादर कागद आवरत होते. तेवढ्यात एक तरुण फादर आत आला. उंच, हडकुळा, स्कूटरच्या धुळीने पांढरा झालेला. त्याच्याकडे चार गावांची चार चर्च होती, म्हणून इथे त्याला चार गावांचा फादर म्हणत. त्याने खांद्यावरची जड पिशवी नकळत माझ्यावर ठेवली, मग कार्ड वाचले आणि दचकून उचलली. आठ वर्षांत माझ्यावर टेकलेले तेवढेच वजन. मला अजून ते आठवते.

तो म्हणाला, "फादर, सोबतीला कोणी मिळेल का? दुसरा फादर, नाहीतर शिकाऊ कोणी."

"काम झेपत नाही का?"

"काम झेपतं. संध्याकाळ झेपत नाही."

फाइलवाल्या फादरांनी त्याच्याकडे नीट पाहिले. ते वाईट नव्हते, हे मी पुन्हा सांगते. त्यांनी लगेच कागद घेतला आणि पुढच्या वर्षीच्या विषयपत्रिकेत एक विषय लिहिला: 'धर्मगुरूंचे एकटे राहणे.' दहा विषय आधीच होते. हा अकरावा झाला.

पुढच्या वर्षी प्रार्थनेच्या नव्या पुस्तकात जुने शब्द ठेवावेत की नवे, यावर अख्खी सकाळ गेली. चर्चेचे गुऱ्हाळ असे लांबले की अकरावा विषय वेळेअभावी पुढे ढकलला. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. सगळ्यांना विषय महत्त्वाचा वाटत होता. महत्त्वाचा म्हणूनच घाईत उरकू नये, असे कोणीतरी म्हणायचे आणि बाकीचे माना डोलवायचे. ते भिजत घोंगडे भिजतच राहिले. आणि तिसऱ्या वर्षीच्या बैठकीला चार महिने राहिले असताना चार गावांचा फादर गेला.

तो कसा गेला, हे मला त्याच्या आईकडून कळले. बैठकीच्या पहिल्याच दिवशी ती आली. दोन बस बदलून, हातात कापडी पिशवी घेऊन. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, दर चार पावलांनी गुडघ्यावर हात ठेवणारी. दाराबाहेरच्या व्हरांड्यातल्या बाकावर सिस्टरने तिला बसवले आणि चहा आणून दिला. दार किलकिले होते आणि माझी जागा दाराशीच, त्यामुळे त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

"खरं काय झालं हो?" सिस्टरने हलक्या आवाजात विचारले. "इथे नुसतं कळलं की पडले म्हणून."

आईने पिशवीतून एक घडी घातलेला पुठ्ठा काढला. मुलाच्या दारावर टांगलेले वेळापत्रक होते ते. "हे बघा. रविवारी सहाला पहिलं गाव, आठला दुसरं, साडेदहाला तिसरं, संध्याकाळी पाचला चौथं. रोज कुठे ना कुठे. आठवड्यात एकच जागा मोकळी. शनिवार संध्याकाळ. तिथे लिहिलंय, 'घरी'. त्याच शनिवारी न्हाणीघरात पाय घसरला. खुबा मोडला. उठता येईना."

"आणि रविवारी?"

"रविवारी पहिल्या गावाला वाटलं, रात्री दुसऱ्या गावात राहिला असेल, कधीकधी राहायचा. दुसऱ्या गावाला वाटलं, पहिल्या गावात आज काही असेल. तिसऱ्या गावानं वाट बघितली, आपापली प्रार्थना म्हटली आणि घरी गेले. चौथ्या गावाला वाटलं, दमला असेल बिचारा, झोपू द्या. मायेपोटीच हो सगळं. सोमवारी दुपारी दूधवाल्यानं दार ठोठावलं." ती थांबली. "फोन वाजत होता म्हणे बाहेरच्या खोलीत. मीच करत होते. उचलला नाही तर मला वाटलं, चर्चमध्ये मिसेची प्रार्थना चालू असेल. मग कोणाला बोल लावू मी?"

सिस्टरने तिचा हात धरला.

"काय मागायला आलात आई?"

"एकच. एका घरात एकटा फादर ठेवू नका. दोघं दोघं ठेवा. त्यापायी चर्च बंद करा, चार गावांना एका जागी चालत यायला लावा, लोक कुरकुरतील, कुरकुरू द्या. पण दोघं ठेवा. एवढं बोलायला मला किती वेळ लागेल?"

"दोन मिनिटं."

"तेवढीच द्या म्हणावं."

सिस्टरने आत जाऊन सांगितले. फाइलवाले फादर लगेच बाहेर आले, आईसमोर वाकून बोलले. "आई, तुमचा विषय अकरावा आहे. आज झाला नाही तर उद्या नक्की. तुमची राहायची सोय करतो." सोय त्यांनी खरेच उत्तम केली. पहिला दिवस गेला. दुसरा दिवस गेला. आई सकाळी येऊन बाकावर बसायची, पुठ्ठा मांडीवर घ्यायची आणि ओठांतल्या ओठांत आपली दोन मिनिटे म्हणून बघायची. मी आत, ती बाहेर, मध्ये हातभर अंतर. माझ्या इतक्या वर्षांच्या उभे राहण्यात मी इतकी कधी अवघडले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी, निघायच्या गाड्या दारात लागल्यावर, अध्यक्ष म्हणाले, "त्या फादरच्या आईंना आत बोलवा. आज त्यांचं ऐकल्याशिवाय उठायचं नाही."

ती आत आली. चौदा बिशप उठून उभे राहिले. मग ते बसले, फाइलवाले फादर बसले, आणि सभागृहात एकच खुर्ची मोकळी राहिली. तीन दिवस तिच्यासाठी खोली, जेवण, परतीचे तिकीट, सगळ्यांचा विचार झाला होता. ती आत येऊन बसणार कशावर, हा विचार कोणाच्या डोक्यात आला नव्हता. आईने सहज माझ्या डाव्या हातावर हात ठेवला, नेमका त्या गाठीवर, आणि ती बसायला वाकली.

"आई, ती नको," फाइलवाले फादर अर्धवट उठत हळूच म्हणाले. "ती खुर्ची रिकामी ठेवायची असते."

आई वाकलेली तशीच थांबली. "कोणासाठी?"

त्यांनी कार्डाकडे बोट दाखवले. तिला अक्षरे दिसेनात, म्हणून त्यांनीच वाचून दाखवले, "जो येथे नाही, त्याच्यासाठी."

तिने थोडा विचार केला. "मग माझ्या मुलाचीच की," ती म्हणाली. "असू दे. मी उभी राहते."

ती हे टोमण्याने बोलली असती तर बरे झाले असते. कोणी चिडले असते, कोणी ओशाळले असते, रिबीन तुटली असती. पण ती मनापासून बोलली. मुलाला जागा ठेवली आहे, याचे तिला बरेच वाटले. टेबलाच्या पलीकडून एक बिशप आपली खुर्ची द्यायला उठले. तिने हातानेच त्यांना बसा म्हटले. दुसरे कोणी शेजारच्या खोलीतून खुर्ची आणायला गेले, तर त्या खोलीला कुलूप होते आणि किल्ली माळ्याकडे. आई माझ्या पाठीला धरून उभी राहिली. तिच्या गुडघ्यांची थरथर तिच्या हातातून माझ्यात उतरत होती. मला चार पाय आहेत, मित्रांनो, आणि त्या क्षणी त्यांतला एकही तिच्या कामाचा नव्हता.

तिने पुठ्ठा उघडला आणि वाचायला लागली. रविवार सहा. आठ. साडेदहा. पाच. सोमवार, मंगळवार. एकेक वार वाचताना तिचा आवाज बारीक होत गेला आणि माझ्या पाठीवरची तिची पकड घट्ट होत गेली. शनिवारवर आली. "शनिवार संध्याकाळ, घरी," तिने वाचले. "तो घरी होता." एवढे म्हणून ती डुलली. सिस्टरने दारातून धावत येऊन तिला सावरले.

"झालं माझं," आई म्हणाली.

झाले नव्हते. दोघं दोघं ठेवा, हे राहिले होते. तीन दिवस घोकलेले ते वाक्य सभागृहात मला एकटीलाच माहीत होते, आणि मला तोंड नाही. सिस्टरलाही माहीत होते, पण ती आईला सांभाळत बाहेर घेऊन गेली होती. सगळे बिशप उभे राहिले. माझ्याकडे तोंड करून त्यांनी एक मिनिट शांतता पाळली. काहींचे गाल ओले झाले होते. मग अकराव्या विषयापुढे लिहिले गेले: 'समिती नेमून चिंतन करण्यात येईल.' गाड्या निघाल्या.

सिस्टर कप गोळा करायला परत आली. फाइलवाले फादर एकटेच कागद लावत बसले होते.

"त्यांना उभं का ठेवलंत?" सिस्टरने विचारले.

"सिस्टर, ती खुर्ची तर थोरल्यांची परंपरा आहे. त्यांनीच ती रिकामी ठेवली ना?"

सिस्टर कप हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. "थोरल्यांनी ही माझ्या स्वयंपाकघरातून उचलून आणली होती. वाटाणे सोलायची खुर्ची ही. हिच्यावर त्यांनी पहिल्यांदा मला बसवलं होतं. कबरी खणणारा बसला होता, बसवाला बसला होता. जो नाही त्याला आणून बसवायला होती ती. रिकामी तुम्ही ठेवलीत." मग ती माझ्या शेजारी भिंतीला टेकली. "मीच सांगायला हवं होतं. अकरा वर्षं फडकं मारत होते हिच्यावरून."

फादरांनी हातातले कागद खाली ठेवले. मग त्यांनी विचारले, "काय सांगायला आल्या होत्या त्या?" सिस्टरने सांगितले. ते उठून धावत फाटकापर्यंत गेले. बस गेली होती. परत येऊन त्यांनी माझी रिबीन सोडायला घेतली. गाठ बसली होती, बोटांना सुटेना. शेवटी सिस्टरने भाजी चिरायच्या सुरीने ती कापली.

त्यांनी आईची मागणी स्वच्छ अक्षरात लिहून चौदाही बिशपांना पाठवली. उत्तरे प्रेमाची आली. समिती नेमली आहे, असे प्रत्येकात होते. मग फाइलवाल्या फादरांनी अध्यक्षांकडे स्वतःसाठी एक गोष्ट मागितली: मला त्या चार गावांत पाठवा. दुसरा फादर मिळेना, म्हणून एकटेच गेले. जाताना फाइली ठेवून गेले आणि मला टेम्पोत घालून घेऊन गेले.

आता मी त्याच घरात असते. तेच न्हाणीघर, तोच फोन. दारावर तसेच वेळापत्रक आहे, शनिवार संध्याकाळपुढे 'घरी' असेच लिहिलेले. पहिल्याच शनिवारी दारात आई उभी. दोन बस बदलून आली होती. फादर उठले. त्यांनी मला तिच्यापुढे सरकवले आणि म्हणाले, "बसा आई."

ती बसली, आणि माझा सुकलेला वेत कडकन तुटला. सुताराच्या बायकोने सांगितले होते अगदी तसा. आई दचकली. "मोडली की हो."

"मोडू द्या," फादर म्हणाले. "बसा तुम्ही."

ती अर्धी आत रुतून, पाय किंचित वर होऊन, तशीच बसली. चहा झाला. मग तिने ते राहिलेले वाक्य म्हटले. "दोघं दोघं ठेवा म्हणायचं होतं मला."

"माहीत आहे आई. पाठवलंय मी लिहून."

"मग?"

"समिती आहे."

आईने मान हलवली. पुढच्या शनिवारी येताना ती सुतळीचा गुंडा घेऊन आली आणि माझी बैठक तिने स्वतः विणून काढली. वाकडीतिकडी आहे, गाठी टोचतात, पण भक्कम आहे. पावणेदोन वर्षे ती दर शनिवारी येत राहिली आणि माझ्यावर बसून फादरांना रागावत राहिली, जेवण नीट करत नाही म्हणून. मग तिला बस चढता येईना. मग ती गेली.

तिच्या मातीला चारही गावे आली होती. तिथेच त्यांनी ठरवले की फादरांना शनिवारी एकटे ठेवायचे नाही. महिन्याचा पहिला शनिवार पहिल्या गावाचा, दुसरा दुसऱ्याचा, तिसरा तिसऱ्याचा, चौथा चौथ्याचा. लोक ते पाळतात. कोणीतरी येते, माझ्यावर बसते, पावसापाण्याचे, गुराढोरांचे बोलते. मी करकरते.

पण मित्रांनो, गावे चार आहेत, आणि वर्षातून चार-पाच वेळा महिन्याला पाचवा शनिवार येतो. त्या दिवशी पहिल्या गावाला वाटते, दुसऱ्या गावातले कोणी जाईल. दुसऱ्याला वाटते, तिसऱ्यातले. कोणाच्या मनात वाईट नसते.

आज पाचवा शनिवार आहे. फादरांनी दार उघडे ठेवले आहे आणि दोन कप मांडले आहेत. माझ्यावर रिबीन नाही, कार्ड नाही, तरी मी रिकामी आहे. चहावर साय धरली आहे. फादर माझ्याकडे बघत बसले आहेत आणि मी त्यांच्याकडे.

माझी निगा राखा, मला पॉलिश करा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. एवढेच सांगते. तुमच्या ओळखीचे कोणी एकटे राहत असेल आणि तुम्हाला वाटले की आज दुसरे कोणीतरी गेलेच असेल, तर त्या दिवशी तुम्ही जा. जाऊन बसा. खुर्ची मोडली तरी चालेल.